आमचा गीझर

डोळ्यांत साबण गेलेला असावा, अंगावर जेमतेम एक तांब्या पडलेला असावा आणि नेमक्या त्याच वेळी गीझरने 'टक्' असा आवाज करून विझून जावे, यासारखी दुसरी फजिती नाही. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी डिसेंबर काढणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल. गेल्या हिवाळ्यात ही फजिती आमच्या घरात रोज कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येत होती.

गीझर गॅसचा आणि जुना. त्याच्याआधी घरात तांब्याचा बंब होता आणि तो माळ्यावर गेल्याचे दुःख आजीने अजून सोडलेले नाही. गीझर विझला की न्हाणीघरातून तिचा आवाज येई, "बंब कधी असा दगा देत नव्हता हो!"

दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. मी कलाशाखेत, म्हणजे घरच्यांच्या मते मला वेळच वेळ. आधी मी सेल बदलले. या गीझरला टॉर्चचे दोन मोठे सेल लागतात, ठिणगी त्यांच्यावरच पडते. फरक नाही. मग पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढली. आत एक रबरी पडदा असतो; पाण्याच्या रेट्याने तो सरकला तरच गॅसला वाट मिळते. जाळीत चमचाभर वाळू निघाली. ती मी बशीत घालून साऱ्या घराला दाखवली आणि दुसऱ्या दिवशी गीझर पुन्हा विझला. सिलिंडर बदलून झाला, रेग्युलेटर बदलून झाला.

शेवटी मेकॅनिक आला. त्याने झाकण काढून आतली एक बारीक कांडी दाखवली. ही कांडी ज्योतीत असते आणि ज्योतीतून अगदी सूक्ष्म असा विजेचा प्रवाह वाहतो. तो वाहतो आहे तोवर गीझर गॅस सोडतो, तुटला की बंद करतो. (कवितेच्या तासाला आजवर इतक्या ज्योती भेटल्या, पण ज्योतीतून वीज वाहते हे एकीनेही सांगितले नव्हते.) कांडीवर काजळी धरली होती. त्याने ती घासून काढली आणि नळ सोडला. पंधरा मिनिटे ज्योत निळीशार जळत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आंघोळीला गेली आणि 'टक्'!

तो पुन्हा आला, पुन्हा गीझर उत्तम चालला. तिसऱ्या खेपेला तो हसून म्हणाला, "ताई, मशीनसुद्धा माणूस ओळखतं."

त्याच आठवड्यात आजी न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंत धरून. "डोकं जड झालंय गं, गरगरतंय," म्हणाली आणि खाली बसली. एकादशी होती. आम्ही उपासावर आणि वयावर बोट ठेवून मोकळे झालो. आंघोळीनंतर माझेही डोके दुखे. ते मी ट्यूटोरियलच्या खाती जमा केले होते.

मेकॅनिकचे ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. गीझर त्याच्यापुढे चालतो, आमच्यापुढे नाही. मग तो काय वेगळे करतो? एका रविवारी उत्तर सुचले आणि माझी मलाच लाज वाटली. तो काम करताना दार उघडे ठेवतो. आम्ही आंघोळीला जातो ते दार लावून!

नळ सोडून मी बाहेर आले, दार ओढून घेतले आणि घड्याळ पाहत उभी राहिले. नवव्या मिनिटाला 'टक्'. थोड्या वेळाने दार सताड उघडे ठेवून पुन्हा तेच केले. पंधरा मिनिटे झाली तरी गीझर चालूच. मी वर पाहिले. छताजवळच्या झरोक्यात पुठ्ठा आणि जुन्या गोधडीचा तुकडा घट्ट बसवलेला होता. दिवाळीनंतर आजीला वारा झोंबतो म्हणून स्टुलावर चढून तो मीच बसवला होता.

विज्ञान शाखेतल्या मावसभावाने हिशेब मांडला. असा गीझर पूर्ण पेटला की तासाला सुमारे एक किलो गॅस खातो, आणि तेवढा गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आमचे न्हाणीघर ५ फूट बाय ५ फूट, उंची ८ फूट. त्यात पावणेसहा घनमीटरही हवा मावत नाही. हवा कमी पडू लागली की ज्योत पिवळी, अस्थिर होते आणि कांडीपासून सुटते. म्हणून आमचा गीझर विझत होता. पण अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसला निदान मुद्दाम घातलेला वास असतो, याला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आणि सगळेच गीझर असे विझत नाहीत, पुष्कळसे जळत राहतात.

निसर्गवादाच्या टिपणात एमिल झोलाच्या मृत्यूची ओळ मी कितीदा तरी वाचली होती: पॅरिस, १९०२, धुराडे चोंदल्याने वायूची विषबाधा. परीक्षेत ती विचारत नाहीत, म्हणून मी तिच्याकडे कधी थांबून पाहिले नव्हते. त्या रात्री मात्र मला झोप आली नाही. कांडी घासून घासून मी आणि मेकॅनिक त्या गीझरला जळतेच ठेवू पाहत होतो, आणि आत आजी होती.

गोधडी मी त्याच दिवशी ओढून काढली. आठ दिवसांत गीझर न्हाणीघराबाहेर परसातल्या भिंतीवर गेला; आत आता फक्त गरम पाण्याची नळी येते. झरोका बुजवणारी मीच, हे आजीला सांगताना माझा आवाज नीट फुटेना. तिने शांतपणे ऐकून घेतले. "मीच तर सांगितलं होतं तुला, वारा लागतो म्हणून," ती म्हणाली. मग परसातल्या गीझरकडे पाहून म्हणाली, "बंबसुद्धा आम्ही इथेच पेटवत होतो. माळ्यावरून कधी काढतेस तो?"