चिप पहारा देते, वेळ कपॅसिटर राखतो

५५५ शिकवताना मी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगून टाकतो की ही आयसी टायमर म्हणून विकली जात असली तरी वेळ ती मोजत नाही. वेळ ठरवतात बाहेर लावलेले रेझिस्टर आणि कपॅसिटर. चिपच्या पोटात साधारण ५ किलो-ओमचे तीन रेझिस्टर ओळीनं आहेत, त्यांनी सप्लायचे तीन समान भाग पाडलेत. कपॅसिटरवरचं व्होल्टेज दोन-तृतीयांशाला पोचलं की एक कम्पॅरेटर आउटपुट खाली आणतो आणि सात नंबरच्या पिनमागचा ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करू लागतो. ते एक-तृतीयांशाखाली उतरलं की दुसरा कम्पॅरेटर सगळं उलटवतो. चिप पहारा देते, बस्स.

यातलं खरं सौंदर्य त्या प्रमाणात आहे. बॅटरी पूर्ण ९ व्होल्टची असो की वापरून ७ वर आलेली, दोन्ही मर्यादा सप्लायबरोबर खालीवर होतात आणि कपॅसिटर भरण्याचा वेगही त्याच प्रमाणात बदलतो, म्हणून लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. हे सर्किट हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्यानं १९७१ साली सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी कंत्राटावर आखलं. पहिल्या आराखड्यात कपॅसिटर भरायला स्थिर करंटचा स्रोत होता आणि पिना लागत होत्या नऊ. साध्या रेझिस्टरनं भागतं हे लक्षात आल्यावर तो स्रोत गेला, पिना आठ झाल्या आणि छोटं, स्वस्त पॅकेज पुरलं. १९७२ मध्ये आयसी बाजारात आली, ती आजही बनते. काहीतरी काढून टाकल्यानं सर्किट सुधारल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता ब्रेडबोर्डवर येऊ. वरचा रेझिस्टर १० किलो-ओम, खालचा ६८ किलो-ओम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. सूत्रानं आउटपुट ०.५४ सेकंद वर, ०.४७ सेकंद खाली, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक आवर्तन. एलईडी लावून बघा, चमकण्याची लय डोळ्यानंच कळते. पण पहिली चमक नीट पाहा. ती पुढच्यांपेक्षा चांगली लांब, जवळजवळ ०.८६ सेकंदांची असते, कारण सुरुवातीला कपॅसिटर शून्यापासून भरतो आणि नंतर प्रत्येक वेळी एक-तृतीयांशापासून. हा फरक ज्याला स्वतःहून दिसला, त्याला ५५५ कळली असं मी समजतो. वरचा रेझिस्टर मात्र १ किलो-ओमच्या खाली नेऊ नये. तो शून्य झाला तर सात नंबरची पिन थेट सप्लायला जोडली जाते आणि आतला ट्रान्झिस्टर जळतो.

सूत्र एक सांगतं आणि मोजलेला आकडा दुसरा येतो, तेव्हा मुलं आधी चिप बदलतात. बदलायचा असतो कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिकची छापील किंमत २० टक्क्यांनी इकडेतिकडे असणं नियमात बसतं. लॅमिंग्टन रोडवर जा की पुण्याच्या तपकीर गल्लीत, वेळेसाठी कपॅसिटर घेताना शक्य तिथे पॉलिएस्टरचा मागा.

एकेकटी पल्स हवी असेल तर मोनोस्टेबल जोडणी करायची. पल्सची लांबी म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले १.१. ट्रिगर मात्र पल्स संपायच्या आत वर आला पाहिजे. बटण दाबून धरलं तर आउटपुट सुटतच नाही, म्हणून ट्रिगर छोट्या कपॅसिटरमधून द्यावा. याच कुळातली, चार टायमरांची ५५८ अ‍ॅपल-२ संगणकात खेळाच्या पॅडलसाठी होती. पॅडल फिरवलं की रेझिस्टन्स बदलायचा, त्याबरोबर पल्सची लांबी, आणि संगणक ती लांबी मोजून पॅडल कुठे आहे ते ओळखायचा.

तपासणीत सगळ्यात शिकवून जाणारा प्रकार प्रोबचा. सर्किटमध्ये १ मेगा-ओमचा रेझिस्टर आहे, एलईडी छान लुकलुकतोय. सीआरओचा प्रोब १ पटीवर ठेवून कपॅसिटरला लावला की लुकलुकणं थांबतं. प्रोब काढला की पुन्हा सुरू. चिपमध्ये काही दोष नाही. सीआरओचं इनपुट १ मेगा-ओमचं असतं, त्यामुळे कपॅसिटर आता सप्लायच्या निम्म्याच्या वर चढूच शकत नाही आणि दोन-तृतीयांश कधी येत नाही. हिशेब मांडला तर कळतं की भरणारा एकूण रेझिस्टन्स ५ लाख ओमच्या वर गेला की १ पटीचा प्रोब ऑसिलेटर बंद पाडणारच. प्रोब १० पटीवर घ्या, किंवा आउटपुटची पिन बघा.

जुन्या बायपोलर ५५५ची एक खोड आहे. आउटपुट बदलताना वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर क्षणभर एकदमच चालू असतात आणि सप्लायवर करंटचा जोरदार झटका बसतो. शेजारी काउंटर असेल तर एका पल्सला तो दोन मोजतो. एक आणि आठ नंबरच्या पिनांमध्ये, अगदी चिपला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि जोडीला एक मोठा इलेक्ट्रोलिटिक लावला की बहुतेक वेळा हे थांबतं. हातातली चिप बायपोलर की सीमॉस याची शंका असेल तर छापावर विसंबू नका. आउटपुट मोकळं ठेवून ५ व्होल्टवर सप्लायचा करंट मोजा. बायपोलर ३ मिलिअँपिअरच्या आसपास घेते, सीमॉस त्याहून कितीतरी कमी.

तासभराचा टायमर करायला म्हणून १००० मायक्रोफॅरड आणि काही मेगा-ओम लावणारे बरेच भेटतात. ९ व्होल्टवर १ मेगा-ओममधून शेवटी शेवटी ३ मायक्रोअँपिअरच येत असतात, आणि तेवढी गळती तर मोठ्या इलेक्ट्रोलिटिकची स्वतःचीच असू शकते. मग व्होल्टेज दोन-तृतीयांशाच्या अलीकडेच अडून बसतं आणि टायमर संपतच नाही. त्यापेक्षा ५५५ला पॉलिएस्टर कपॅसिटरवर ०.१ सेकंदाच्या आवर्तनानं चालू द्यावं आणि तिचं आउटपुट सीडी४०२० या १४ टप्प्यांच्या काउंटरला द्यावं. शेवटच्या टप्प्याचं एक आवर्तन पुरं व्हायला १६,३८४ पल्स लागतात, म्हणजे २७ मिनिटं. पुढे आणखी दोन फ्लिप-फ्लॉप जोडले की पावणेदोन तासांच्या वर जाता येतं, आणि गळतीचा प्रश्न उरत नाही.