शरदातली गोदावरी आणि गळाची काडी

पितृपंधरवडा सरता सरता गोदावरीचे पाणी निवळू लागते. अगस्तीचा तारा उगवला की नद्यांचा गढूळपणा जातो, ही आपल्याकडची जुनी समजूत. ज्या जिल्ह्यात अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तिथल्या माणसाला ती पटवून द्यावी लागत नाही. शिर्डीत दसऱ्याला साईबाबांच्या पुण्यतिथीची गर्दी लोटते, त्याच सुमारास जवळच्या कोपरगाव आणि पुणतांब्याच्या घाटांवर पाण्याचा तळ दिसण्याची आशा असते. गळ टाकण्याचा खरा हंगाम हाच. पावसाळ्यात चढणीला लागलेला मासा अंडी घालून परतलेला असतो, झिजलेला असतो, आणि थंडी पडून त्याची भूक मंदावण्याआधी त्याला अंग भरून काढायचे असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की या दिवसांत वाहत्या पाण्यावर सोडलेली गळाची काडी नदीच्या प्रकृतीबद्दल जे सांगते ते धरणांच्या टक्केवारीतून कळत नाही, आणि पाण्याचा हिशेब मांडताना ही साक्षही नोंदवली पाहिजे.

या मासेमारीचे साहित्य साधे असते. बांबूची लवचीक काठी, तंगूस, गळ, शिशाचे दोन-चार मणी आणि तरंगायला मोराच्या पिसाचा देठ किंवा ज्वारीच्या ताटाचे भेंड, हीच गळाची काडी. शिसे इतकेच लावायचे की काडीचे टोक तेवढे पाण्यावर राहावे. काडी तंगुसावर वर-खाली सरकवून खोली अशी धरायची की गांडूळ किंवा कणकेची गोळी तळाला न टेकता तळालगत चालेल. मग वरच्या अंगाला कणकेचे चार गोळे टाकून, धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात त्या रेषेवर काडी सोडून द्यायची. मोठा मासा धारेत उभा राहून ताकद खर्च करत नाही. तो कडेच्या संथ पाण्यात, करंजाच्या किंवा उंबराच्या सावलीत थांबतो आणि धारेने वाहत आणलेले खाणे जागेवरून टिपतो. म्हणून तंगूस किंचित ताणून काडीला पाण्यापेक्षा जरा मागे ठेवतात, म्हणजे माशाला आधी आमिष दिसते आणि दोरा नंतर. काडी तिरकी होऊन सरकत बुडाली तर मासा, जागच्या जागी थरथरली तर बहुधा तळाचा दगड. या साऱ्या कसबाला वाहते पाणी लागते, कारण थांबलेल्या पाण्यात काडी काही वाचतच नाही.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे, आणि माशांच्या जाती, त्यांचे खाणे, काठी-दोरीची निवड यांचा विचार तिथे एखाद्या शास्त्रासारखा केला आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली चब या माशाबद्दल लिहिले, त्याच्या पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट. चब म्हणजे रोहू-महसीरांच्या नात्यातला तिकडचा नदीमासा. शरदात काठावरच्या झाडांची फळे पाण्यात पडली की तो ती गिळतो, जसा आपला खडस म्हणजे महसीर पडलेली उंबरे गिळतो. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा खुद्री, कोळस, बोगट ही इथली नावेच त्याने शास्त्रीय नावांत घातली. या खोऱ्यांत वाहत्या पाण्यातल्या माशांची केवढी समृद्धी होती, याची ती लेखी साक्ष आहे.

आज कोपरगावच्या खाली काडी सोडली तर पुष्कळदा ती जागीच राहते. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना फळ्या बसतात, वरच्या धरणांचे दरवाजे मिटतात, आणि नदीचे एकामागून एक तलाव होतात. वाळूउपशाने तळाचे चढउतार मोडले, मग धार आणि संथ पाणी यांची रेषा राहणार कुठे? अशा पाण्यात चिलापी फोफावते. १९५२ साली ती भारतात आणली गेली. तिला चढणीची गरज नाही, पिल्ले तोंडात सांभाळून ती कुठल्याही साचलेल्या पाण्यात वाढते. ज्यांना रेतीगोट्यांवर धावते पाणी लागते ते मासे मागे हटतात. मासे भरपूर मिळतात की, जायकवाडीच्या नाथसागराकडे बघा, असे कोणी म्हणेल. मिळतात, आणि भोई समाजाच्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर पेटते हे मोलाचे आहे. पण मत्स्यबीज सोडून वाढवलेला जलाशयातला रोहू-कटला ही एका अर्थाने शेती झाली. तिच्या यशावरून नदी बरी आहे असे ठरवता येणार नाही.

खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. नांदूर मधमेश्वरहून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी या अवर्षणी पट्ट्यात ऊस आणला, राहात्याचे पेरू आणले. शिर्डीला येणाऱ्या भाविकाच्या पेल्यातले पाणीसुद्धा वर्षानुवर्षे कालव्याच्या आवर्तनावर भरलेल्या तळ्यांतून येत आले आहे. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन मिळत नसताना माशांसाठी पाणी सोडा म्हणणे क्रूर वाटेल. मात्र पाणी नदीत सोडलेच जात नाही असे नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशाने ठरवून दिले, की १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी द्यावे. मग नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो, आणि शेवटी पाणी येते ते लोंढ्याने, काही दिवसांत, कोरड्या पात्रातून. या साऱ्या हिशेबात नदी ही फक्त वाहून नेणारी वाट असते. बारीक पण अखंड धार ठेवली तर ती वाळूतच जिरेल, हाही मुद्दा खरा आहे. पण जिरलेले पाणी काठच्या विहिरींनाच लागते, आणि पुढचे आवर्तन येईतो शेतकरी त्याच विहिरींवर पीक जगवतो. माशांपुरते बोलायचे तर, इंग्लंडात नद्यांवर चब आणि त्याच्या सोबत्यांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ बंद असतो. माशाच्या वेळापत्रकाला तिथे कायद्याने जागा दिली आहे. आपल्या आवर्तनांच्या वेळापत्रकात ती जागा करणे अशक्य नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा. ज्या भूमीत माळ घातलेली इतकी घरे आहेत, पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे, तिथे गळाची थोरवी कशाला सांगायची? गळ माशाला दुखवतो, याबद्दल मी वाद घालणार नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत देवाच्या नावाने मासे राखले जातात, ती परंपरा मला गळापेक्षा मोठी वाटते. पण देवाचा डोहसुद्धा वरून धार येते तोवरच डोह असतो. आणि माझ्या युक्तिवादाला गळाची मुळीच गरज नाही. काडी बिनगळाचीही सोडता येते. शिसे लावा, आमिष लावू नका, ती जे सांगायचे ते सांगेल.

म्हणून जलसंपदा खात्याकडे आणि काठच्या ग्रामपंचायतींकडे मागणे आहे. दर १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या टक्केवारीचा हिशेब मांडाल, त्याच दिवशी कोपरगावचा पूल आणि पुणतांब्याचा घाट इथे नदीचा वेगही मोजा आणि तो आकडा साठ्याच्या आकड्याशेजारी छापा. त्याला ना नवे धरण लागते, ना नवा कायदा.