मांडव्याच्या वाटेवर

रस्त्याने अलिबाग सुमारे १०० किलोमीटर. गेटवेहून लाँचने मांडवा मात्र तासाभरात येते. त्या सकाळी भर समुद्रात आमच्या लाँचचे डावे इंजिन धापा टाकत बंद पडले. समोरून मोठे जहाज येत होते. आयांनी मुलांना जवळ ओढले. तांडेलाने उजव्या इंजिनावर लाँच सावकाश बाजूला काढली.

धक्क्याला लागल्यावर मिस्त्रीने टाकी बदलण्याचा नळ वगळून डिझेलची नळी थेट फिल्टरला जोडली, आत शिरलेली हवा काढली. इंजिन सुरळीत चालले! म्हणजे दोष नळाचाच. झिजलेल्या रबरी कडीतून तो हवा ओढत होता.

‘‘दोन्ही इंजिनं याच नळावर असती तर?’’ मी विचारले.

‘‘म्हणून तर टाक्या वेगळ्या,’’ तांडेल हसला.

संध्याकाळी परतताना तिकिटाआधी मी विचारले, ‘‘नवा नळ बसवलात ना?’’