वेताच्या दुकानाशेजारचे सभागृह

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे उच्च शिक्षणासाठी राहत असताना ज्या सहनिवाशाच्या आग्रहाने माझा पंक संगीताशी परिचय झाला, तो गिलमन मार्गावरील 924 क्रमांकाच्या सभागृहात स्वयंसेवक म्हणून दारावर उभा राहत असे. आणि ‘ग्रीन डे’ या बँडची दुसरी ध्वनिमुद्रिका, ‘कर्प्लंक’, मी प्रथम ऐकली ती त्याच्याच कॅसेटवर, 1992 साली.

1986 च्या अखेरच्या रात्री सुरू झालेले ते सभागृह वेतकामाच्या एका दुकानाला लागून होते. दोन डॉलर वार्षिक वर्गणी भरून कोणीही सभासद व्हावे, झाडलोटीपासून हिशेबापर्यंतची कामे सभासदांनीच आपसांत वाटून घ्यावीत, आणि मद्यपान, मारामारी, वर्णद्वेष व स्त्रीद्वेष यांस सक्त मनाई असावी, असा तेथील शिरस्ता होता. मद्यविक्री होणाऱ्या ठिकाणी एकवीस वर्षांखालील मुलांना सहसा मज्जाव असे. येथे मद्यच नसल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना राजरोस आत येता येई, आणि ज्यांच्या वयाची, ज्यांच्या कंटाळ्याची व प्रेमभंगाची ती गाणी होती, त्यांच्याच समोर ती गायिली जात.

तेथे गाणाऱ्या ‘ग्रीन डे’मधील गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग, बासवादक माइक डर्न्ट आणि नव्यानेच सामील झालेला ढोलवादक ट्रे कूल, हे तिघेही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. ‘लुकआउट’ या स्थानिक, तुटपुंज्या भांडवलाच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘कर्प्लंक’च्या वेष्टनावर, हातात धूर ओकणारे पिस्तूल घेतलेल्या मुलीचे रेखाचित्र होते. त्यातील ‘वेलकम टू पॅरडाइज’ हे गाणे मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. घर सोडून ओकलंडच्या पडीक वस्तीतील एका वखारीत आर्मस्ट्राँग राहिला होता, त्या वास्तव्याचे ते गाणे: आरंभी भेदरलेला मुलगा, काही काळ लोटल्यावर त्याच उकिरड्यावर हक्क सांगू लागतो. मध्येच गायन थांबते; बास आणि गिटार एका काळवंडलेल्या स्वरमालिकेत घुटमळत राहतात, ढोलाचा जोर हळूहळू वाढत जातो, आणि श्रोत्याचा श्वास कोंडल्यासारखा झाला की मूळ चाल पुन्हा उसळून वर येते. पंकचा वेग कायम ठेवून गळ्यात बसणारी चाल देण्याचे जे सामर्थ्य या मंडळींत होते, ते पहिल्या ध्वनिमुद्रिकेत अंकुरलेले आणि दुसरीत पूर्ण बहरलेले मला दिसले.

श्रोत्यांनी ती उचलून धरली. जाहिरातीचा गाजावाजा नसताना टपालाने, ओळखीपाळखीने आणि एकमेकांच्या कॅसेटवरून उतरवून घेत ती दूरवर पोहोचली, आणि त्याच कीर्तीच्या मागावर मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन ठेपले. 1993 साली बँडने ‘रिप्राइझ’ कंपनीशी करार केला. मोठ्या कंपनीशी करारबद्ध बँडला गिलमनच्या मंचावर स्थान नाही, हा नियम असल्याने त्यांना तेथील दार बंद झाले. फेब्रुवारी 1994 मध्ये ‘डूकी’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात ‘वेलकम टू पॅरडाइज’ नव्याने ध्वनिमुद्रित होऊन समाविष्ट झाले होते. माझ्या सहनिवाशाने ते एकदाच ऐकले आणि म्हणाला, “गाणं तेच आहे रे, पण आता ते आम्हांला उद्देशून नाही.”

त्याचा संताप मला परका वाटला नाही. महाविद्यालयीन वयात दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके पाहताना, तेथला एखादा नट व्यावसायिक रंगभूमीवर गेला की मागे राहिलेल्यांच्या मनात उरणारी सल मी जवळून पाहिली होती. तरीही दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐकली असता माझा कौल नव्याच्या बाजूने पडत नाही आणि बँडच्या विरोधातही जात नाही: नव्यात गिटार भरदार आहे, ढोल घुमतो, पण वखारीतल्या मुलाची भीती जुन्या, पातळ आवाजातच अधिक खरी वाटते, आणि तो मुलगा आयुष्यभर वखारीतच राहावा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हां श्रोत्यांना कोणत्या सनदेने मिळाला, याचे उत्तर मला कधी सापडले नाही.

पुढे ‘कर्प्लंक’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. 2005 साली, मानधनाची थकबाकी राहिल्याने, बँडने ही ध्वनिमुद्रिका ‘लुकआउट’कडून काढून घेतली आणि नंतर ती ‘रिप्राइझ’तर्फे पुन्हा निघाली; छोटी कंपनी तेवढी सचोटीची आणि मोठी तेवढी भ्रष्ट, या आमच्या तरुणपणीच्या विभागणीला त्या वृत्ताने मोठाच धक्का दिला. 2015 साली आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या मदतीसाठी ग्रीन डे पुन्हा गिलमनच्या मंचावर उभे राहिले. ही बातमी मी उत्साहाने दूरध्वनीवरून सहनिवाशाला सांगितली, तेव्हा त्याने त्यांच्या औदार्याची मनापासून प्रशंसा केली. मात्र त्या काळी दर आठवड्याला गाण्यांसाठी येणारी मुले त्या करारानंतर पांगली, नव्या मुलांना तेथे आणण्यासाठी त्याच्यासारख्यांना पुढे वर्षे खर्ची घालावी लागली, आणि तो हिशेब एका रात्रीच्या कार्यक्रमाने चुकता होत नाही, असे तो म्हणाला. मी त्याला बँडची बाजू पुन्हा एकवार समजावून सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि आपले म्हणणे सोडले नाही.