जाम झालेली पिन

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा दोन पावसाळे कुरकुरत होता. मी आपला खांदा लावून ढकलायचो. उघडतोय ना, मग झालं! परवा शनिवारी टॉर्च मारून बघितलं, तर बिजागरी जिथे खांबाला धरते तिथल्या पत्र्याला केसाएवढी चीर! पिन गंजून जाम झाली की बिजागरी वळत नाही, मग पत्राच वाकतो. म्हणजे इतके दिवस मी दरवाजा उघडत नव्हतो, गाडी फाडत होतो.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सीसुद्धा बंद झाल्या. आता हा खांब फाटला तर दुसरा आणायचा कुठून?

इंजिनिअर असल्यामुळे मी अर्थातच हातोडा उचलला. दहा घाव घातले. पिन हलली नाही, उलट तिचं टोक फुलून बसलं.

आवाज ऐकून शेजारचे काका आले. कामतघरच्या कारखान्यांत पॉवरलूमचे जॉबर म्हणून त्यांचा जन्म गेला. "हातोडा ठेव आधी. ती काय पळून जातेय?"

मग त्यांनी फुललेलं टोक कानशीने घासलं, पिनेवर डिझेल सोडलं आणि चक्क घरी निघून गेले. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे पिन भोकात पाचरीसारखी आवळली जाते. डिझेलला आत झिरपायला रात्र तरी द्यायलाच हवी.

रविवारी दरवाजाखाली फळी ठेवून जॅक लावला, बॅटरीची वायर काढली, डिझेल नीट पुसलं (हे विसरलात तर भडका!) आणि टॉर्चच्या ज्योतीने फक्त बाहेरची कडी तापवली. कडी फुगते, भोक मोठं होतं, आतली पिन अजून थंडच असते. पिनेपेक्षा जरा बारीक पंच लावून काकांनी चार नेमके ठोके दिले. पिन सुटली!

भोक साफ करून, ग्रीस लावून नवी पिन बसवली. चीर वेल्डिंगने भरायची आहे.

संध्याकाळी बाबा आले, दोन बोटांनी दरवाजा उघडला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. "खांदा दुखायचा रे. म्हणून चालवणं सोडलं होतं."

आणि मला वाटत होतं, त्यांना गाडीचा कंटाळा आलाय.

असो. उद्या बाकीच्या तीन दरवाजांना तेल.