वॉलट्यूब

सायकलच्या दुकानात तिला कधी मान नव्हता. घंटीचा आणि डायनमोचा थाट वेगळा. ही शेवयीसारखी बारीक, काळी रबरी नळी भिंतीवरच्या खिळ्याला लोंबत असायची. गिऱ्हाईक आलं की दुकानदार बोटभर कापून द्यायचा. मग पितळी वॉलला अंग चिकटवून अंधारात बसायचं, आत येणाऱ्या हवेला वाट द्यायची, बाहेर निघालेलीला अडवायचं. चिरली, की उकिरड्यावर.

तिचं नशीब पालटलं होशंगाबादकडे. तिथल्या सोळा शाळांत १९७२ पासून मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत होती. पुण्यात टेल्कोत काम करणारे तरुण इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिकडे गेले. आठवडी बाजारातल्या चार-आठ आण्यांच्या वस्तू उलथ्यापालथ्या करून पाहताना ही त्यांच्या हाती लागली.

काडेपेटीतल्या काड्या जात्याच ताठ, एकमेकींकडे ढुंकून न पाहणाऱ्या. हिने दोघींना दोन बाजूंनी पोटात घेतलं आणि सोयरीक जमवली. कोन लघु होवो की विशाल, हिची तक्रार नाही. तिसरी काडी आली, तर बाभळीचा काटा पोटात खुपसून तिच्यासाठीही जागा करून देते. एवढी सोशीक बाई मी नात्यात पाहिली नाही.

सहावीच्या वर्गात मी तिला नेलं, त्या दिवशी पाढे म्हणायला उभं केलं की ज्याच्या पोटात दुखायचं, त्याने चौकोन केला. बोट लावलं, चौकोन लोळला. शेजारणीचा त्रिकोण दाबून पाहिला; तो हलेना.

"गुरुजी, ह्यो का पडत न्हाई?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मास्तराची जीभ ती! पण गिळलं.

त्याने चौकोनात आडवी काडी घालायला घेतली. पुरेना. दुसरी घेतली, तीही पुरेना. सगळ्या काड्या सारख्याच, हे त्याला दोन काड्यांनंतर पटलं. मग कोपऱ्यातल्या खराट्याची काडी मोडून, मापून, दोन कोपऱ्यांना काट्याने भोकं पाडून बसवली. चौकोन ताठ उभा राहिला. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं! वॉलट्यूब मात्र अवाक्षर बोलली नव्हती.

तो मान वर करून पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या बघत राहिला. "वर बी तिरकोनच हायेत," म्हणाला, आणि सगळा वर्ग छताकडे बघू लागला. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. मीही ऐकली नाही असं दाखवलं.

दोन दिवसांनी सायकलवाल्याने मला रस्त्यात गाठलं. "गुरुजी, गावातल्या समद्या सायकलींचे वॉल एकदम गेले का काय? पोरं रांग लावून ट्यूब मागाय लागलीत. आन् सायकल एकाकडंबी न्हाई."