कळ दाबल्यानंतरचा विलंब

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी शाळा, कचेऱ्या आणि ग्रामपंचायती यांची सादरीकरणे तयार करून देण्याचा व्यवसाय मी आजवर ज्या श्रद्धेने केला, तिलाच यंदा माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने हात घातला. मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनाच्या सादरीकरणात एका छायाचित्रातून दुसरे उमटताना पडदा अडखळत होता. ते पाहून ती म्हणाली, ‘सर, ट्रान्झिशनच काढून टाकावं की!’

काढले असते, तर तक्रार तत्काळ मिटली असती. परंतु त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मुद्रेवरून 17 सप्टेंबर 1948 च्या हैदराबाद-मुक्तीच्या प्रसंगाकडे जाताना प्रेक्षकाच्या मनाला जो अवकाश लागतो, तो झटकन पालटणारे चित्र देत नाही.

मला छळतो तो ट्रान्झिशनचा, म्हणजे संक्रमणाचा, संथपणा नव्हे, तर वक्त्याने कळ दाबल्यावर काहीच न घडणारा तो क्षण. ‘फेड’ या संक्रमणाचा कालावधी 0.70 सेकंदांवरून कितीही खाली आणा, हा विलंब हटत नाही. कारण तो संक्रमण सुरू होण्यापूर्वीचा, पुढची स्लाइड रेखाटण्यात गेलेला वेळ असतो. जुन्या छायाचित्राचा मोबाइलवर काढलेला 4000 बाय 3000 बिंदूंचा फोटो फाइलीत चार एमबीचा दिसला, तरी उघडल्यावर संगणकाच्या स्मृतीत सुमारे 48 एमबी जागा अडवतो, आणि 1024 बाय 768 चा प्रोजेक्टर त्यातला पंधरावा हिस्साही दाखवीत नाही. क्रॉप केलेला भाग आत तसाच राहतो. सावल्या आणि मऊ कडा यांचे गणित निराळेच; ते स्लाइड रेखाटताना करावे लागते. म्हणून मी सजवलेली स्लाइड 1280 बाय 720 चे एकच चित्र करून पुन्हा बसवतो, मात्र पाहुण्यांचे नाव त्यावर अक्षरांतच ठेवतो, कारण आमच्याकडे ते ऐन वेळी बदलते.

1987 साली रॉबर्ट गॅस्किन्स ज्या कंपनीत होते तिने पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती मॅकिन्टॉशसाठी काढली, तेव्हा ती ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांसाठी कृष्णधवल पृष्ठे तयार करून देई. ती पालटण्याची गती माणसाच्या हाती होती. हल्ली मोबाइलवर घटकाभरात व्हिडिओ जुळवून देणारे ही गतीच वक्त्याकडून काढून घेतात, आणि एखादा वृद्ध वक्ता रझाकारांच्या काळातील आठवणीने थबकला, तरी त्यांची चित्रे पुढे धावतात. ही मला कारागिरी वाटत नाही.

या आग्रहात माझा अहंकारही आहे. वक्ते बोलत असता माझी दृष्टी पडद्यावर असते, आणि एखादे संक्रमण निर्वेध पार पडले की सभागृहातील टाळ्यांतला काही वाटा मी मनोमन स्वतःकडे घेतो.

तक्ते व आकडेवारी यांना संक्रमण नको, हे त्या मुलीचे म्हणणे मला मान्य आहे. छायाचित्रांचे मात्र ते काढू नये. शाळेचा लॅपटॉप ज्यांच्या स्वाधीन आहे त्यांना विनंती एवढीच, की ट्रान्झिशनला हात लावण्यापूर्वी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ची आज्ञा क्रॉप केलेला भाग वगळण्याच्या खुणेसह द्यावी, आणि तत्पूर्वी मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपावेत, कारण कॉम्प्रेस केलेल्या फाइलीतून ते परत मिळत नाहीत.